आधी खूण, मग पाना

अण्णा, मागच्या आठवड्यात आम्ही तो उपग्रह बंद केला. दुकानात आलेल्या प्रत्येकाला तुम्ही ज्याला 'आपला' म्हणून सांगायचात, तोच. शेवटची आज्ञा मीच पाठवली. मग रजा टाकली आणि केजला आले. काल आईला सांगितलं तर तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "बंद केला म्हंजी पडला का खाली?" म्हटलं, पडत नाही, उलट आणखी वर ढकलून ठेवलाय, दुसऱ्यांच्या वाटेत येऊ नये म्हणून. आता तो तिथंच फिरत राहील. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "मंग बरं हाय. लई केलं त्यानं." एवढंच. तुमच्यासमोर बसून सांगितलं असतं तर एवढ्यावर सुटका झाली नसती. इंधन किती उरलं होतं, खोलीत कोण कोण होतं, कोण काय म्हणालं, सगळं विचारलं असतं आणि दिवस मावळायच्या आत ते स्टँडपासून तहसीलपर्यंत सगळ्यांना कळलं असतं. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

तुमचे वडील पालीला धरणाच्या बाजूच्या माळावर मेंढरं राखायचे. तुम्ही मेंढरं सोडून बीडला एका उस्तादाकडं रेडिओ दुरुस्त करायला शिकलात, म्हणून घरात दोन वर्षं कुणी तुमच्याशी धड बोललं नाही. हे मला आत्यानं सांगितलं, तुम्ही कधीच सांगितलं नाही. मला आठवतं ते केजचं दुकान. आठ बाय दहाची खोली, डाखणकामाचा, म्हणजे सोल्डरिंगचा, वास, उघडे पडलेले टीव्ही, आणि भिंतीला टेकवलेल्या डिशा. सगळ्या केजला टीव्ही दुरुस्त करणारे तिघंचौघं होते, पण डिश बसवायला लोक तुमच्याकडं यायचे. तुम्ही छतावर, मी खाली टीव्हीसमोर. "आलं का?" "न्हाई, मुंग्याच हायेत." "आता?" "जरा आलतं, गेलं." "आता?" "आलं! आलं!" शेजारच्या बायका हसायच्या. शाळेतल्या मुली मला 'आलं-गेलं' म्हणायच्या. मला त्याचं काही वाटायचं नाही. वर आकाशात काही दिसत नाही, आणि तरी बोटभर डिश हलली की खाली माणूस बोलायला लागतो, याचं मला इतकं नवल होतं की चिडवण्याकडं लक्षच जायचं नाही.

केबलवाल्याच्या छतावरची ती जाळीची मोठी डिश तुम्हाला आठवत असेल. मी आठवीत होते. चित्र जरा खराब येत होतं, तुम्ही सगळं तपासलं आणि खाली चहाला गेलात. मला वाटलं, एवढंसं तर फिरवायचं आहे, अण्णा येईपर्यंत करून ठेवू. पाना घेतला आणि बोल्ट ढिला केला. डिश आपल्या वजनानं गर्रकन वळली आणि उगवतीकडं तोंड करून उभी राहिली. तुम्ही वर आलात, डिशकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही फक्त विचारलं, "कुठं व्हती ती?" मी बोट दाखवलं. "तिथं म्हंजी कुठं? बोटानं न्हाई, जागा दाव." मला दाखवता येईना. त्या दिवशी तुम्हाला ती जागा परत सापडायला दुपार कलली. सगळ्या केजला तोवर चित्र नव्हतं, केबलवाला खाली उभा राहून वाट्टेल ते बोलत होता आणि तुम्ही ते ऐकून घेत होतात. माझं नाव तुम्ही घेतलं नाहीत. चित्र आल्यावर तुम्ही लाल ऑइलपेंटची डबी आणायला लावलीत आणि माझ्याच हातानं बोल्टपासून पट्टीपर्यंत एक रेघ मारून घेतलीत. म्हणालात, "आधी खूण, मग पाना. जिथून निघालो तिथं माघारी येता आलं पायजे. येत नसंल तर हात लावायचा न्हाई." घरी जाताना मी रडत होते. तुम्ही स्टँडवर भजी घेऊन दिलीत, पण बोललेलं मागं घेतलं नाहीत.

नंतर तुम्ही एक गोष्ट शोधून काढलीत. शोधून काढलीत असंच मी म्हणते, कारण तुम्हाला ती कुणी सांगितली नव्हती. दरसाल मार्चच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑक्टोबरात, दुपारी बाराच्या सुमाराला, काही दिवस चित्रात मुंग्या यायच्या. दहा मिनिटं. मग आपोआप नीट. बाकीचे डिशवाले त्या दहा मिनिटांत धावत जाऊन डिश फिरवायचे आणि चांगली बसलेली बिघडवून ठेवायचे. तुम्ही एक दिवस छतावर नुसते बसून राहिलात. मला हाक मारलीत, "हिकडं ये, सावली बघ." डिशच्या तोंडापुढं जो डबा असतो त्याची सावली हळूहळू सरकत बरोबर डिशच्या मध्यावर आली, आणि त्याच वेळेला खालून आईचा आवाज आला, "गेलं वो!" तुम्ही हसलात. "म्हंजी सूर्य जाऊन त्याच्या बराबर मागं बसला. डिशीला आता दोगंबी एकदम दिसायलेत. सूर्याच्या कालव्यात त्याचं बोलणं ऐकू येईना." मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा हेच पुस्तकात वाचलं, चार पानांत, गणितासकट. तुमच्या वाक्यापेक्षा त्यात जास्त काही नव्हतं.

मला नोकरी लागली ती कर्नाटकातल्या आमच्या केंद्रात, उपग्रह सांभाळायच्या कामाला. पहिल्याच वर्षी नवा उपग्रह सोडायचा होता आणि त्याच्या पथकात मला घेतलं. ज्या दिवशी रॉकेट उडालं त्या दिवशी तुम्ही दुकानातला सगळ्यात मोठा टीव्ही बाहेर ओट्यावर मांडला होतात. पण रॉकेट उडालं म्हणजे काम झालं नाही, तिथून आमचं सुरू होतं. रॉकेट त्याला निम्म्या वाटेवर सोडतं. पुढं त्याचं स्वतःचं इंजिन पेटवून, एकदा, दोनदा, तीनदा, त्याला छत्तीस हजार किलोमीटरवर न्यावं लागतं. तिथं तो पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच फिरतो, म्हणून खालून बघणाऱ्याला एका जागी उभा असल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच केजची डिश एकदा बसवली की बसली. तेवढे दिवस तुम्ही रोज सकाळी फोन करायचात आणि लातूरची एस.टी. आली का असं विचारावं तसं विचारायचात, "पोचला का?" नाही अण्णा, अजून नाही. "घाई करू नका." ज्या दिवशी त्याचे पंख, म्हणजे सौर पॅनेल, उघडले आणि आकड्यांत वीज वाढताना दिसली, त्या दिवशी मी आपणहून फोन केला आणि म्हटलं, "पोचला." तुम्ही म्हणालात, "आता किती साल चालल?" म्हटलं, बारा. "नीट सांभाळलं तर?" म्हटलं, मग बघू.

नीट सांभाळणं म्हणजे काय ते तुम्हाला आम्ही प्रत्यक्ष दाखवलं. तुम्ही आणि आई केंद्र बघायला आला होतात. आई नवी साडी नेसली होती, तुम्ही टोपी घालावी की नको यावर सकाळभर विचार केला होता आणि शेवटी घातली. आमच्या साहेबांनी स्वतः तुम्हाला फिरवलं. साहेबांना मराठी येत नव्हतं, तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, दोघं आपल्या आपल्या हिंदीत बोलत होते आणि तुमच्या हिंदीत निम्मी बीडच्या उस्तादाची उर्दू होती. साहेबांनी सांगितलं की चंद्र आणि सूर्य उपग्रहाला ओढत राहतात, तो जागेवरून सरकायला लागतो, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी त्याला थोडं ढकलून परत जागेवर बसवावं लागतं. त्यासाठी पोटात इंधन भरून पाठवलेलं असतं. ते संपलं की त्याचं आयुष्य संपलं, मग बाकी सगळं यंत्र कितीही धड असो. तुम्ही विचारलंत, "मतलब जितना कम ढकेलो उतना जादा जियेगा?" साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, हा प्रश्न विचारायला इथल्या पोरांना दोन वर्षं लागतात.

मग आपण मोठ्या अँटेनाखाली गेलो. तीनमजली घराएवढी. सगळे वर बघत होते. तुम्ही खाली वाकून तिचे बोल्ट बघत होतात. एकेका बोल्टवरून पट्टीवर रंगाची बारीक रेघ मारलेली होती, बोल्ट ढिला होऊन फिरला तर लगेच कळावं म्हणून. तुम्ही मला बाहीला धरून खाली वाकवलंत. "बघ. ह्येंच्यातबी आधी खूण करत्यात." परतीच्या प्रवासात आणि नंतर कैक महिने तुम्ही लोकांना छत्तीस हजार किलोमीटरचं काही सांगितलं नाहीत, त्या रेघांचंच सांगत राहिलात. मी त्यानंतर तुम्हाला दर मार्चला आणि ऑक्टोबरला सूर्य मागं येण्याच्या वेळा कळवायला लागले. आमच्याकडं त्या मिनिटासकट काढलेल्याच असतात. तुम्ही दुकानाबाहेर खडूनं पाटीवर लिहायचात: आज अमुक वाजून अमुक मिनिटांनी चित्र जाईल, इतक्या मिनिटांनी परत येईल, डिशला हात लावू नये. लोक घड्याळ लावून बसायचे म्हणे. बरोबर त्या मिनिटाला मुंग्या आल्या की ओट्यावर हशा पिकायचा आणि तुम्ही मिशीवरून हात फिरवायचात. हे आईनं सांगितलं, करून दाखवलं.

आता त्या दिवसाचं. तो दिवस आपण दोघांनी दोन टोकांना काढला आणि नंतर कधी सलग बोललो नाही, म्हणून माझ्या टोकाचं आज सगळं सांगते. उपग्रहाचं पाचवं वर्ष होतं. सकाळी नेहमीचं ढकलायचं काम होतं. तसं शंभर वेळा केलेलं होतं. ढकलणारी छोटी इंजिनं जोडीनं चालतात, त्या दिवशी जोडीतलं एक कमी जोरानं चाललं. उपग्रह कलायला लागला. त्याच्यावर पृथ्वीकडं सतत बघत राहणारा एक डोळा असतो, त्या डोळ्यापुढून पृथ्वी निसटली. शिकवून ठेवल्याप्रमाणं त्यानं स्वतःच इंजिनं बंद केली, पंख सूर्याकडं केले आणि हळूहळू गिरक्या घेत राहिला. तो जिवंत होता, वीज भरत होता, पण त्याचं तोंड आपल्याकडं नव्हतं. सगळ्या देशात त्याच्यावरून जे जे चाललं होतं ते एका क्षणात गेलं. आमच्या खोलीतले सगळे फोन एकदम वाजायला लागले.

साहेब चांगले होते, घाबरट नव्हते, पण वरून त्यांच्यावर दाब होता. ते म्हणाले, लगेच फिरवा, पृथ्वी पकडा. आज्ञा तयार होती. माझ्या टेबलावरूनच ती जायची होती. मी आकडे बघत होते. तो फिरतोय किती आणि कोणत्या बाजूला, हे सांगणारं जे यंत्र त्याच्यावर होतं त्याचा आकडा मला खरा वाटेना. त्या यंत्राची चूक आम्ही काही दिवसांपूर्वी मोजून ठेवली होती, आणि ती आता तेवढीच राहिली असेल असं धरून आज्ञा बांधलेली होती. मी म्हटलं, "सर, आत्ता हात लावायला नको. आधी तो आहे कुठं ते मोजू या. अंदाज चुकला तर पंखसुद्धा सूर्यापासून जातील, मग वीजही जाईल आणि तो कायमचाच गेला." खोलीत माझ्यापेक्षा मोठे सात-आठ जण होते. कुणीतरी म्हणालं, तासातासाला काय नुकसान होतंय कल्पना आहे का? मी म्हटलं, आहे. साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि फोन उचलून पलीकडच्याला सांगितलं, "दोन तास लागतील. मधे फोन करू नका."

त्या दोन तासांत आम्ही एकही आज्ञा त्याला हलवायची म्हणून पाठवली नाही. नुसतं मोजलं. सूर्याचा कोन किती, तो किती वेळानं बदलतो, यंत्र काय म्हणतंय आणि खरं काय आहे. फरक निघाला. जुन्या आकड्यावर विसंबून फिरवलं असतं तर तो भलत्याच बाजूला गेला असता. नवा आकडा बसवला आणि मग थोडं थोडं, पायरी पायरीनं वळवायला लागलो. प्रत्येक पायरीआधी मी वहीत लिहून घेत होते, आत्ता इथं आहे. संगणकात सगळं नोंदलं जात होतंच, तरी लिहीत होते. साडेतीनला त्या डोळ्याच्या एका कडेला पृथ्वी दिसली. नंतरच्या अर्ध्या तासात ती मध्यावर आली. साहेब खुर्चीत बसले आणि सकाळपासून पहिल्यांदा पाणी प्यायले.

तुमच्या टोकाचं मला आईकडून कळलं. त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती आणि दुकानासमोर ही गर्दी. ज्याच्या त्याच्या घरचं चित्र गेलेलं. स्टँडपलीकडचा दुसरा डिशवाला पाना घेऊन एका छतावरून दुसऱ्या छतावर पळत होता. लोक तुम्हाला म्हणत होते, चला की वर, तुमी कामून बसलाव? तुम्ही बाहेर खुर्ची टाकून बसला होतात. "डिशीला हात लावू नका. काय झालंय ते वर झालंय." एक जण म्हणाला, तुमाला काय मालूम? "आरं बे, सगळ्या केजच्या डिशी एका टायमाला हलत्यात व्हय? येडा का खुळा तू?" त्यावर कुणीतरी हसून म्हणालं, वर तर तुमची पोरगी हाय, तिनंच काय तरी करून ठेवलं आसंल. तुम्ही खुर्चीतून उठलात आणि म्हणालात, "आसंल. केलं आसंल तर तीच सरळ करंल. येळ लागंल. ज्याला दम न्हाई त्यानं पलीकडच्याला बलवावं." बरेच जण गेले पलीकडच्याकडं. आई म्हणाली, तिला फोन तर लावा. तुम्ही म्हणालात, "न्हाई. आत्ता तिच्या हातात पाना आसंल. आत्ता फोन करायचा न्हाई." आणि तीन-चार तास तिथंच बसून राहिलात. जेवायलासुद्धा आत गेला नाहीत.

चार वाजून गेल्यावर ज्यांनी तुमचं ऐकलं होतं त्यांचं चित्र आपोआप आलं. पलीकडच्यानं ज्यांच्या डिशा फिरवल्या होत्या त्यांना नुसत्या मुंग्या. पुढचे आठ दिवस तीच माणसं तुमच्याकडं येत होती आणि तुम्ही प्रत्येकाच्या छतावर जाऊन, डिश जागेवर आणून, लाल रेघ मारून येत होतात. पण मला त्या सगळ्याहून तुमचा त्या संध्याकाळचा फोन आठवतो. मी केंद्राच्या पायऱ्यांवर बसले होते. फोन उचलला. तुम्ही छतावरून ओरडायचात त्याच आवाजात, फक्त हळू, म्हणालात, "आलं बरं का." मी म्हटलं, "हो." आपण दोघांनी फोन ठेवला. साहेबांनी नंतर माझ्या कामाबद्दल कागदावर चांगलं लिहिलं, बढती झाली, एक बक्षीसही मिळालं. त्या फोनपुढं ते काहीच नव्हतं, असं म्हणणं खोटं होईल. ते सगळं मला आवडलं. पण फोन वेगळा होता.

त्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही गेलात. अंबाजोगाईला दवाखान्यात मी पोचले तेव्हा तुम्ही बोलत होतात. जावयाचं, नातीचं काही विचारायच्या आधी तुम्ही विचारलंत, "त्येचं ते कमजोर इंजिन कसं हाय?" आई चिडली. म्हणाली, मरताना तरी माणसाचं विचारा. तुम्ही हसलात आणि तुम्हाला ठसका लागला. मी सांगितलं की ते इंजिन आम्ही बाजूला ठेवलंय, दुसऱ्या जोडीवर काम चालवतोय, आणि जितकं कमी ढकलता येईल तितकं कमी ढकलतोय. तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला पटलं होतं.

तो बाराला थांबला नाही, अण्णा. पंधरा वर्षं चालला. एक इंजिन अधू घेऊन. त्याच्यावरून काय काय गेलं ते मी तुम्हाला पूर्ण कधी सांगितलं नव्हतं, कारण तुमच्या लेखी तो टीव्हीचा होता. तलवाड्याच्या बँकेच्या छतावर जी छोटी डिश आहे तीही त्याच्याकडंच तोंड करून होती. रस्त्याचं काम करताना जेसीबीनं खालची केबल तोडली की गावाचा व्यवहार त्या डिशवर चालायचा, आणि म्हाताऱ्या माणसांना हात हलवत परत जावं लागायचं नाही. शाळांना धडे जायचे त्याच्यावरून. एका पुरात टॉवर झोपले तेव्हा मदतीच्या लोकांचे फोन त्याच्यावरून चालले, आणि त्या आठवड्यात आमच्यातलं कुणीही रजेवर गेलं नाही. दरसाल दोनदा, दीड-दीड महिना, तो पृथ्वीच्या सावलीत जायचा, रोज तासाभराचा अंधार, तेवढा वेळ नुसत्या बॅटरीवर. शेवटी शेवटी त्या बॅटऱ्या म्हातारीच्या गुडघ्यासारख्या झाल्या होत्या. आम्ही त्याच्यावरचं एकेक ओझं कमी करायचो, त्याला सावलीतून काढायचो, पुन्हा ओझं चढवायचो. माझी मुलगी पाळण्यात होती तेव्हापासून ती आठवीला जाईपर्यंत मी हेच केलं. कंटाळा आला नाही असं नाही. पण हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं असं एकदाही वाटलं नाही.

मागच्या महिन्यात त्याच्याच जागेवर नवा उपग्रह आणून उभा केला. एकेक काम जुन्यावरून उचलायचं आणि नव्यावर ठेवायचं, खालच्या कुणालाही कळू न देता. मी आईला फोन करून रोज विचारत होते, चित्र नीट आहे ना? ती म्हणायची, नीट हाय, काय झालंय? काही नाही. केजला कुणाच्या टीव्हीत एक मुंगीसुद्धा आली नाही, अण्णा. कुणालाही डिश हलवावी लागली नाही. मग उरलेल्या इंधनावर जुन्याला तीनशे किलोमीटर वर नेलं. ते इंधन आम्ही पाच वर्षांपासून त्याच्यासाठी राखून ठेवलेलं होतं. टाक्या रिकाम्या केल्या, बॅटऱ्या उतरवल्या. सगळ्यात शेवटी त्याचा आवाज बंद करायचा असतो, म्हणजे तो आम्हाला स्वतःबद्दल जे आकडे पाठवत असतो ते. नव्या मुलामुलींनी मागं गर्दी केली होती. मी शेवटचे आकडे वहीत उतरवून घेतले आणि बटण दाबलं. पडद्यावरची रेघ खाली बसली. आता तिथं नुसत्या मुंग्या होत्या. मला वाटलं होतं की रडू येईल. नाही आलं. तुमच्या शब्दांत सांगायचं तर, लई झाक वाटलं.

आता जे सांगायला बसले ते. नोकरीच्या मुलाखतीहून मी परत आले तेव्हा तुम्ही स्टँडवर घ्यायला आला होतात. पिशवी हातातून घेत विचारलंत, काय काय पुसलं? मी सांगितलं की गणित विचारलं, अँटेनाचं विचारलं, आणि वडील काय करतात तेही विचारलं. "मंग? काय सांगितलंस?" मी म्हटलं, सांगितलं की केजला डिशा बसवतात, मीही त्यांच्याबरोबर बसवल्यात, आणि साहेब लोक खूश झाले. तुम्ही तिथंच उभे राहिलात, मागून जीपवाला हॉर्न वाजवत होता तरी. त्यानंतर शेवटपर्यंत तुम्ही लोकांना सांगत राहिलात, "मोठमोठ्या साहेबांना मालूम हाय, केजला डिश कोण बसवतो. आवं, म्हणून तर घेतलं तिला." नोकरी लागली त्याचं निम्मं कारण तुम्ही तुमचं मानलंत, आणि ते तसंच होतं.

पण मी तसं सांगितलं नव्हतं, अण्णा. मुलाखतीत माझ्या आधीच्या मुलाचे वडील प्राध्यापक होते, त्याच्या आधीच्या मुलीचे कलेक्टर ऑफिसात. मी म्हटलं, "इलेक्ट्रॉनिक्सचा बिझनेस आहे." त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

परवा केंद्रात उपग्रहाच्या निरोपाच्या कार्यक्रमात माझ्या हातात माईक दिला तेव्हा मी सांगितलं. माझे वडील केजला छतांवर डिशा बसवायचे आणि हे काम मी त्यांच्याकडून शिकले, असं भरल्या सभागृहात सांगितलं. खूप टाळ्या पडल्या. पण आता सांगायला काय लागतं? आता मी मोठ्या खुर्चीवर आहे, आता ते ऐकायला सगळ्यांनाच गोड वाटतं. ते सांगायचं ठिकाण ती मुलाखतीची खोली होती.

आईला यातलं काही माहीत नाही. हा कागद मी घडी करून बॅगेत ठेवणार आहे. पाठवायला पत्ता नाही म्हणूनच एवढं लिहून झालं. तुम्ही असतात, तर हे मी तुम्हाला आजही सांगितलं नसतं.